जनसुरक्षा कायद्यातल्या एका व्याख्येबद्दल विधिमंडळाच्या सदस्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा आणि विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य,
विधान भवन, मुंबई.

स.न.वि.वि.

मी लालबागमधून एक साप्ताहिक काढतो. आठ पानं, दीड हजार प्रती. निम्म्या वर्गणीदारांकडे जातात, उरलेल्या भारतमाता सिनेमापासून चिंचपोकळीच्या पुलापर्यंतच्या स्टॉलवर. गणपतीच्या महिन्यात जाहिराती मिळतात, बाकीचं वर्ष ओढाताणीचं. माझे वडील गिरणीच्या साचेखात्यात होते. १९८२च्या संपानंतर गिरणी पुन्हा नीट सुरू झाली नाही आणि आमच्या घरात पगाराचं पाकीटही पुन्हा आलं नाही. त्या काळात आमच्या चाळीत काय चाललं होतं ते मोठ्या पेपरांत फारसं येत नसे. पुढे मी हा पेपर काढला तो त्याच कारणाने. आमच्या बातम्या एखाद्या चाळीच्या मोडक्या जिन्याच्या असतात, धोकादायक ठरवलेल्या उपकरप्राप्त, म्हणजे सेस भरणाऱ्या जुन्या, इमारतीच्या असतात, संक्रमण शिबिरात पंधरा-पंधरा वर्षं अडकलेल्या कुटुंबांच्या असतात. ज्यांच्या त्या बातम्या असतात ती माणसं अंक छापणाऱ्याच्या नावापर्यंत वाचून काढतात.

हे पत्र तुम्हां सगळ्यांना आहे, सत्ताधारी बाकांवरच्यांना आणि विरोधी बाकांवरच्यांनाही. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक विधानसभेने १० जुलै २०२५ रोजी आवाजी मतदानाने मंजूर केलं आणि दुसऱ्या दिवशी विधान परिषदेने. विधानसभेत त्याला उघड, ठाम विरोध नोंदवला तो डहाणूचे आमदार विनोद निकोले यांनी. त्याआधी संयुक्त समितीकडे बारा हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या होत्या. समितीने काही बदल केलेही. तपास फौजदाराऐवजी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे दिला, संघटनेवरची बंदी योग्य आहे का हे पाहणाऱ्या सल्लागार मंडळाची रचना बदलली, आणि हा कायदा कडव्या डाव्या संघटनांना रोखण्यासाठी आहे, असं सुरुवातीलाच लिहून घेतलं. हे बदल चांगल्या हेतूने झाले असं मी धरून चालतो. पण लिहिणाऱ्याला ज्या व्याख्येची भीती वाटते ती व्याख्या तशीच राहिली.

कायदा सांगतो की बेकायदेशीर कृत्य म्हणजे व्यक्तीने किंवा संघटनेने केलेली कृती. मग ती प्रत्यक्ष कृती असो, उच्चारलेल्या वा लिहिलेल्या शब्दांनी केलेली असो, खुणेने असो, दृश्य चित्रणाने असो किंवा आणखी कुठल्या प्रकारे असो. पुढे पोटकलमं येतात. त्यांतलं बंदुका-स्फोटकांचं, हिंसेच्या प्रसाराचं, रेल्वे-रस्ते बंद पाडण्याचं पोटकलम वाचताना माझ्या मनात काहीही शंका आली नाही. गडचिरोलीत ज्या घरांनी माणसं गमावली, पोलिसांच्या घरांनी आणि आदिवासींच्या घरांनीही, त्यांच्यासमोर उभं राहून हिंसेची वकिली करण्याची माझी इच्छा नाही. पण त्याच यादीत, तितक्याच वजनाने, दुसरी वाक्यं बसली आहेत. सार्वजनिक सुव्यवस्था राखण्यात अडथळा आणणारी ‘किंवा आणण्याकडे कल असलेली’ कृती. कायद्याच्या अंमलबजावणीत, प्रस्थापित संस्थांच्या आणि त्यांच्या कर्मचाऱ्यांच्या कामात अडथळा आणण्याकडे कल असलेली कृती. आणि प्रस्थापित कायद्याची वा त्याच्या संस्थांची अवज्ञा करायला उत्तेजन देणं किंवा तसा उपदेश करणं.

आता माझा एखादा अंक समोर ठेवा. एका चाळीला खोल्या रिकाम्या करण्याची नोटीस आली. रहिवाशांनी गच्चीवर सभा घेतली आणि ठरवलं की करारनामा नोंदणी होऊन हातात पडेपर्यंत कुणीही बाहेर पडायचं नाही. कृती समिती नेमली. तिचं पत्रक मी पहिल्या पानावर छापलं, खाली माझं मतही दिलं की हे लोक बरोबर आहेत. शब्द लिहिलेले आहेत. नोटीस प्रस्थापित संस्थेची आहे. अवज्ञा आहे, आणि उत्तेजन माझं आहे. या वाक्यांत मी कुठे आत आहे आणि कुठे बाहेर, हे मला सांगा. मी वकिलांना विचारलं. एक म्हणाले, ‘तुम्हाला कुणी काही करणार नाही.’ दुसरे म्हणाले, ‘करायचं ठरवलं तर करता येईल.’ दोन्ही उत्तरं खरी आहेत. कायदा समजून घ्यायला आलेल्या माणसाला यापेक्षा स्पष्ट उत्तर मिळत नसेल, तर दोष कायद्याच्या भाषेत आहे.

यावर मिळणारं उत्तर मला ठाऊक आहे. शिक्षा बेकायदेशीर ठरवलेल्या संघटनेशी निगडित कृत्यांना आहे, सुट्या माणसाला वा पत्रकाराला नाही. मुख्यमंत्र्यांनी सभागृहात तशी ग्वाही दिली. इतर चार राज्यांत असा कायदा आधीच आहे, हेही सांगितलं. पण संघटना बेकायदेशीर ठरणार ती याच व्याख्येवरून. आणि कायद्याच्या लेखी संघटना म्हणजे माणसांचा कोणताही समूह, त्याला नाव असो वा नसो, नोंदणी असो वा नसो. आमच्या बहुतेक कृती समित्या अशाच असतात, सभासद नसलेल्या पण मदत करणाऱ्या माणसांच्या जोरावर चालणाऱ्या. अशी मदत करणाऱ्यालाही शिक्षा आहे. बेकायदेशीर कृत्याला सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. पत्रक फुकट छापून देणं ही मदत धरायची की बातमी? मंत्र्यांची ग्वाही सभागृहाच्या कामकाजात छापली जाते, पण ठाण्यातला अधिकारी वाचतो ते कलम. सरकारं बदलतात. आज विरोधात बसलेल्यांनी आणि आज सत्तेत बसलेल्यांनी, दोघांनीही, हा कायदा उद्या समोरच्या माणसाच्या हातात आहे असं समजून एकदा वाचावा.

माझ्या स्वतःच्या बाबतीत घडलेलं एक सांगतो. कायदा मंजूर होण्याच्या बऱ्याच वर्षांपूर्वीचं आहे.

आमच्या भागातली एक इमारत पुनर्विकासाला गेली. रहिवासी खोल्या सोडून विरार, डोंबिवली, दिव्याला भाड्याने राहायला गेले. विकासकाने वर्षभर भाडं दिलं आणि मग बंद केलं. मी ते छापलं. आठवड्याभरात वकिलाची नोटीस आली, पाच कोटींच्या अब्रूनुकसानीची. माझ्या छपाईचं महिन्याचं बिल तेव्हा अठरा हजार रुपये होतं. पाठोपाठ कुणीतरी अर्ज दिला की माझ्या लिखाणाने विभागात तणाव निर्माण होतो आहे. ठाण्यातून फोन आला, जबाब द्यायला या. मी तीन वेळा गेलो. सकाळी अकराला बाकावर बसायचं, संध्याकाळी सहाला ‘पुढच्या मंगळवारी या’ ऐकून उठायचं. कुणी आवाज चढवला नाही. एका हवालदाराने चहाही दिला. गुन्हा दाखल झाला नाही, नोटीसही पुढे कोर्टात गेली नाही. फक्त तिसऱ्या मंगळवारनंतर छापखानेवाला म्हणाला, ‘साहेब, पुढचा अंक दुसरीकडे बघा. माझी मशीन हप्त्यावर आहे.’ त्याचा मला राग आला नाही. त्याच्या घरी लहान मुलं होती.

दोन महिन्यांनी माहिती अधिकारातून माझ्या हाती कागद आले. संमतीपत्रावर ज्यांच्या सह्या होत्या त्यांतली दोन माणसं सहीच्या तारखेआधीच वारली होती. मी बातमी लिहिली. शुक्रवारी रात्री पान लावताना चौथ्या परिच्छेदावर आलो, सह्यांच्या परिच्छेदावर, आणि तो काढून टाकला. कुणी सांगितलं नव्हतं. कुणाचा फोन आला नव्हता. बाकावरचे ते तीन मंगळवार तेवढे आठवले.

पुढच्या शनिवारी त्या इमारतीतल्या एक मावशी विरारहून अंक घ्यायला आल्या. उभ्या उभ्या बातमी वाचली आणि म्हणाल्या, ‘भाऊ, ते सह्यांचे कागद तुम्ही बघितले होते ना? मग त्यातलं एक अक्षर कसं नाही?’ मी सांगितलं, जागा पुरली नाही. त्यांनी अंक घडी करून पिशवीत ठेवला. नवी खोली मिळण्याआधीच त्या गेल्या. त्यांच्याशी खोटं बोललो ते माझ्या मनातून जात नाही.

या प्रकरणात एकही अटक झाली नाही, एकालाही शिक्षा झाली नाही. कायद्याचा गैरवापर किती झाला याची आकडेवारी तुम्ही मागवलीत तर माझा चौथा परिच्छेद तिच्यात सापडणार नाही. आणि हे साध्या अब्रूनुकसानीच्या नोटिशीने आणि एका अर्जाने झालं. अजामीनपात्र गुन्ह्याची शक्यता डोक्यावर असती तर मी पहिली बातमीही छापली असती का? आज मनापासून उत्तर द्यायचं तर मला सांगता येत नाही. माझ्याकडे वकील ठेवायला पैसे नाहीत. मोठ्या वर्तमानपत्राला कायदा विभाग असतो, तालुक्याच्या बातमीदाराला तो नसतो. संदिग्ध शब्द सगळ्यांवर सारखेच लागू होतात, पण त्यांची किंमत पहिल्यांदा मोजतो तो सगळ्यात लहान पेपर.

आता कायद्याच्या बाजूने बोलतो, कारण तुम्ही कायदे करणारी माणसं आहात. अवज्ञेला उत्तेजन हा गुन्हा ठरवता येतो का, हा प्रश्न या देशात नवा नाही. १९५४ साली उत्तर प्रदेशात पाटबंधाऱ्याची पट्टी वाढली तेव्हा डॉ. राममनोहर लोहिया शेतकऱ्यांना जाहीरपणे म्हणाले, वाढीव पट्टी भरू नका. त्यांना अटक झाली ती १९३२च्या, म्हणजे इंग्रजांच्या, एका विशेष अधिकार कायद्याखाली. सरकारी देणी देऊ नका असं सांगणं हाच त्यात गुन्हा होता. जानेवारी १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम टिकू दिलं नाही. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं होतं की भाषण आणि सार्वजनिक सुव्यवस्थेचा भंग यांत जवळचा, थेट संबंध दिसला पाहिजे. आज पट्टी भरू नका म्हटलं, त्यातून उद्या क्रांती होईल, अशी दूरची कल्पना पुरत नाही. माझ्या गच्चीवरच्या सभेत आणि लोहियांच्या त्या भाषणात मला काही फरक दिसत नाही.

त्याच्याही आधी, १९५० साली, मुंबईतून निघणाऱ्या ‘क्रॉस रोड्स’ या साप्ताहिकाला मद्रास सरकारने राज्यात बंदी घातली. त्याचे संपादक रमेश थापर सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. त्या निकालानंतर सरकारने १९५१ साली पहिली घटनादुरुस्ती केली आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर कोणते निर्बंध घालता येतात ते सांगणाऱ्या कलम १९(२) मध्ये ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे शब्द घातले. पण त्याच दुरुस्तीने ‘वाजवी’ हा शब्दही घातला. निर्बंध वाजवी असले पाहिजेत. सरकार नेहमी त्या दुरुस्तीचा पहिला अर्धा भाग दाखवतं, म्हणून दुसरा मुद्दाम लिहिला.

तुमच्यापैकी ज्यांना शक्य असेल त्यांना माझी विनंती आहे की अधिवेशनाच्या एखाद्या दुपारी विधान भवनातून पायी निघा. ओव्हल मैदान ओलांडलं की उच्च न्यायालय. आत मधल्या न्यायकक्षाबाहेर लोकमान्य टिळकांच्या शब्दांची संगमरवरी पाटी आहे. जुलै १९०८ मध्ये तिथे टिळकांवर ‘केसरी’तल्या लेखांसाठी राजद्रोहाचा खटला चालला. ज्युरीत नऊ जण, सात युरोपियन आणि दोन पारशी. लेख मराठी, आणि त्यांचा अर्थ ठरवायचा तो इंग्रजी भाषांतरावरून. टिळक दिवसचे दिवस एकेका मराठी शब्दाची छटा समजावून सांगत उभे राहिले. सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरले, सहा वर्षांसाठी मंडालेला गेले. आमच्या लालबाग-परळच्या गिरणी कामगारांनी सहा वर्षांसाठी सहा दिवस संप केला आणि त्यांतले काही गोळीबारात मेले. १९५६ साली मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी ती पाटी बसवली, म्हणजे याच न्यायालयाने आपला जुना निकाल चुकला असं जाहीर मानलं. अठ्ठेचाळीस वर्षांनी. टिळकांना जाऊन तेव्हा छत्तीस वर्षं झाली होती. त्या खटल्याचा विचार करताना मला नेहमी शिक्षेपेक्षा त्या भाषांतराची आठवण येते. लेखाचा ‘कल’ कुठे आहे हे ठरवण्याचं काम ज्याच्याकडे जातं, त्याच्या हातात लेखक सापडतो. तुम्ही केलेल्या व्याख्येत ‘कल’ आहेच.

तिथून चार पावलांवर हुतात्मा चौक. २१ नोव्हेंबर १९५५ला तिथे गोळ्या झाडल्या गेल्या. संयुक्त महाराष्ट्राच्या त्या आंदोलनात जमावबंदी मोडली गेली, मोर्चे निघाले, आणि आचार्य अत्र्यांच्या ‘मराठा’ दैनिकाने १९५६ पासून रोज सकाळी लोकांना रस्त्यावर यायला सांगितलं. प्रस्थापित संस्थांची अवज्ञा करायचं उत्तेजन हेच तर होतं. आज तुम्ही ज्या विधिमंडळाचे सदस्य आहात त्याचं ‘महाराष्ट्र’ हे नाव त्यातून आलं. १ मे रोजी तुम्ही सगळे त्या स्मारकावर फुलं वाहता. मी हे तुम्हाला खिजवायला लिहीत नाही. फुलं वाहताना तुमच्या मनात जे येतं ते खरं असतं असं मला वाटतं, आणि त्या खऱ्या भावनेला मी हाक मारतो आहे.

आणखी पुढे गेलात तर हॉर्निमन सर्कल लागेल. बेंजामिन हॉर्निमन हे ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे इंग्रज संपादक. १९१९ साली सरकारने त्यांना उचलून मायदेशी पाठवलं. समोर एशियाटिक ग्रंथालयाच्या पायऱ्या. आणीबाणीत दुर्गाबाई भागवत त्या पायऱ्या चढून रोज वाचायला जात. कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्या लेखनस्वातंत्र्याबद्दल बोलल्या होत्या, आणि पुढे पोलीस आले ते त्यांना तिथूनच घेऊन गेले. त्याच आणीबाणीत मिनू मसानींच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ या मासिकाचा मजकूर सेन्सॉरने कापला तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने १९७६ साली मसानींच्या बाजूने निकाल दिला. सगळ्या नियतकालिकांची शिडं एकाच वाऱ्याकडे वळवणं हे सेन्सॉरचं काम नाही, अशा अर्थाचं त्यात म्हटलं आहे. देश गप्प असताना आपल्या शहरातल्या न्यायाधीशांनी हे लिहिलं, याचा मला मुंबईकर म्हणून फार अभिमान आहे.

अलीकडचं उदाहरणही आपल्याकडचंच. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंद का, असा प्रश्न फेसबुकवर विचारणाऱ्या एका मुलीला आणि तो ‘लाइक’ करणाऱ्या तिच्या मैत्रिणीला पालघरमध्ये अटक झाली. पुढे २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द केलं. चर्चा करणं, बाजू घेणं आणि चिथावणी देणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कायदा तिसरीलाच हात लावू शकतो, हे तेव्हा स्पष्ट झालं. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने केंद्र सरकारच्या कामाबद्दलचा ऑनलाइन मजकूर खोटा आहे का ते ठरवणाऱ्या केंद्राच्या ‘फॅक्ट चेक युनिट’चा नियम रद्द केला, त्यातही ‘खोटं’ आणि ‘दिशाभूल करणारं’ हे शब्द संदिग्ध आहेत हे एक मोठं कारण होतं. संदिग्ध शब्द कोर्टात पडतात. मधल्या वर्षांत मात्र माणसं बाकावर बसून राहतात.

एक विषय केंद्राच्या कायद्याचा आहे, पण तुमच्या मानाशी जोडलेला आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मध्ये एक सुंदर वाक्य होतं. जी माहिती संसदेला किंवा राज्य विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही, अशा अर्थाचं. म्हणजे माझ्यासारख्या माणसाला कायद्याने तुमच्या शेजारी बसवलं होतं. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याने ते वाक्य काढून टाकलं आणि वैयक्तिक माहिती म्हटलं की नकार, एवढंच ठेवलं. व्यापक सार्वजनिक हिताचं कलम ८(२) अजून आहे, पण ते सिद्ध करायला अपिलांच्या पायऱ्या चढाव्या लागतात. मेलेल्या माणसांच्या सह्यांचे ते कागद आज मी मागितले तर सह्या वैयक्तिक आहेत असं उत्तर येऊ शकतं. शिवाय पत्रकारितेसाठीची सवलत या कायद्याच्या आधीच्या मसुद्यांत होती, अंतिम कायद्यात नाही, आणि दंड अडीचशे कोटींपर्यंत जातो. ज्या राज्याने २००२ साली, केंद्राच्या तीन वर्षं आधी, स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला त्या राज्याच्या विधिमंडळाने यावर ठराव करून दिल्लीला पाठवणं मला स्वाभाविक वाटतं.

तुम्ही चांगलं केलेलंही सांगितलं पाहिजे. जून २०११ मध्ये पवईला पत्रकार ज्योतिर्मय डे यांची हत्या झाली. त्यानंतर पत्रकारांनी वर्षानुवर्षं मागणी केली आणि २०१७ साली याच दोन सभागृहांनी पत्रकारांवरच्या हल्ल्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा देणारा कायदा केला. त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. पण तो नोकरीत वा कंत्राटावर असलेल्यांना धरून लिहिला आहे. स्वतःचा मोबाईल घेऊन गावात फिरणाऱ्या, यूट्यूबवर तालुक्याची बातमी सांगणाऱ्या मुलामुलींना त्यात जागा मिळत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापूरला पत्रकार शशिकांत वारिशे यांना गाडीखाली चिरडून मारलं गेलं. जिथे मोठ्या पेपराचा बातमीदार पोहोचत नाही तिथेच माणूस एकटा असतो.

तर माझी मागणी. जनसुरक्षा कायद्यात दुरुस्ती विधेयक आणा. व्याख्येतून ‘अडथळा आणण्याकडे कल असलेली’ हे शब्द काढा आणि अवज्ञेच्या उपदेशाचं पोटकलम पूर्ण काढा. जिथे लिहिलेल्या-बोललेल्या शब्दांचा उल्लेख राहील तिथे हिंसेची प्रत्यक्ष चिथावणी आणि हिंसेशी निकटचा संबंध, एवढ्यापुरताच ठेवा. बातमी, मत, व्यंगचित्र, संघटनेचं पत्रक छापणं आणि शांततेचं आंदोलन हे या कायद्याखाली बेकायदेशीर कृत्य नाही, असं स्पष्टीकरण कलमाच्या खालीच लिहा. सभागृहात दिलेली ग्वाही खरी असेल, आणि मी ती खरी मानतो, तर ती कायद्यात उतरवायला कुणाचीच हरकत नसावी. २०१७चा कायदा मुक्त पत्रकारांपर्यंत वाढवा. हिंसा करणाऱ्यांसाठी बेकायदेशीर कृत्यांविरुद्धचा १९६७चा यूएपीए आहे, संघटित गुन्हेगारीविरुद्धचा १९९९चा आपला मकोका आहे, भारतीय न्याय संहिता आहे. माझ्या दुरुस्तीने त्यातला एकही कायदा हलणार नाही.

विधानसभेत तुम्ही २८८ आहात आणि परिषदेत ७८. हे पत्र, त्यासोबत व्याख्येचं पान आणि मला सुचलेली दुरुस्ती, अशी ३६६ पाकिटं तयार आहेत. चाळीतल्या मुलांनी दोन संध्याकाळ बसून घड्या घातल्या आणि पत्ते लिहिले. सोमवारी परळच्या टपाल कचेरीत देतो. तुमच्यापैकी ज्यांचं उत्तर येईल ते आम्ही पुढच्या अंकांत शब्द न बदलता छापू, ते माझ्या विरोधात असलं तरीही. आणि आमच्या अंकात या पत्रासोबत, त्याच पानावर, तेव्हा काढलेला तो चौथा परिच्छेद छापतो आहे. कागद अजून माझ्याकडे आहेत.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एका साप्ताहिकाचा संपादक
लालबाग, मुंबई